मुलगी खोटं बोलत नव्हती, दादा

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बारावी सायन्सला, टेस्टमध्ये ७४ टक्के, तिला फिजिक्स घेऊन पुढे नॅनोवर, म्हणजे अतिसूक्ष्म कणांवर, काम करायचंय आणि तुम्हाला हवंय कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. मार्कांचं मला काही टेन्शन नाही. पण "सोनं बारीक केलं की लाल होतं असं सांगायला लागली, आम्ही सगळे हसलो, ऐकणार नसेल तर फी भरणार नाही असं सांगून टाकलं, तेव्हापासून बोलत नाही" हे जे तुम्ही ओघात लिहून गेलात ना, तिथेच मी अडकले. ती तिला आवडलेली गोष्ट सांगायला आली होती, तेही सराफाच्या घरात, सोन्याबद्दल! आणि तिला काय मिळालं, तर हसू आणि फीची धमकी. हे चुकलंच तुमचं.

कारण ती बरोबर आहे. सोनं कितीही बारीक केलं तरी पिवळंच, हा तुमचा पेढीवरचा अनुभव खरा, पण तो डोळ्याला दिसणाऱ्या कणांपुरता. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग; असे २० नॅनोमीटरचे सोन्याचे कण पाण्यात असले की त्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र हेलकावे घेतात, हिरवा प्रकाश शोषला जातो आणि पाणी माणकासारखं लाल दिसतं. सोन्याच्या अतिबारीक कणांनी पाणी लाल दिसतं हे मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८५७ मध्येच मांडलंय. प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवरची लाल रेघ बहुतेक वेळा अशाच सोन्याची असते. तुमच्याकडे खऱ्या सोन्याचा वर्ख असेल तर दिव्यासमोर धरून आरपार बघा, हिरवट दिसेल. विजेचंही तसंच, तांब्यात इलेक्ट्रॉन साधारण ४० नॅनोमीटर बिनधक्का जातो, तार त्याहून बारीक झाली की तो सारखा कडांना आपटतो आणि रेझिस्टन्स वाढतो. तुम्हाला जो कॉम्प्युटर हवाय त्याच्या चिपमधल्या तारांचं आजचं मोठं दुखणं हेच आहे, आणि ते सोडवायला फिजिक्सवालेही लागतात.

रस्ते सांगते, आयसर आणि नायसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्था, आयसरसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा, नायसरसाठी नेस्ट, नाहीतर चांगल्या कॉलेजात बीएससी आणि मग एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम ही परीक्षा. नुसतं 'नॅनोटेक्नॉलॉजी' नाव लावलेल्या महागड्या डिग्रीला मात्र आत्ता हात लावू नका, आधी फिजिक्स पक्कं होऊ दे. पीएचडीपर्यंत नऊ-दहा वर्षं जातात, हे तिलाही स्पष्ट सांगा.

पण फॉर्मचं नंतर. आज दुकान बंद केलं की वर्ख घरी न्या, तिच्यासमोर दिव्याला धरा, आणि फीचं ते वाक्य मागे घ्या.