पोहणं, सायकल, धावणं आणि मधली तीन मिनिटं

महिलांच्या ट्रायथलॉनबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. विचारणाऱ्या बहुतेकजणी पहिल्यांदाच उतरणार आहेत आणि त्यांनी स्प्रिंट गट निवडलाय: 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणं. ऑलिंपिकमधलं अंतर याच्या दुप्पट असतं. सारख्या प्रश्नांची उत्तरं एकत्र दिली आहेत.

नाशिकच्या सावरकर जलतरण तलावात मी सलग एक किलोमीटर पोहते. पण उघड्या पाण्याच्या नुसत्या विचारानेच पोटात गोळा येतो. काय करू?
(एक वाचक, गंगापूर रोड)

किलोमीटरभर पोहता म्हणजे दम पुरेसा आहे. अडचण भिंतीची आहे. 25 मीटरच्या तलावात 750 मीटर पोहताना 29 वेळा भिंत हाताशी येते. दरवेळी पायाने ढकलून दोन-तीन मीटर फुकटात मिळतात, एक मोठा श्वासही मिळतो. धरणाच्या उघड्या पाण्यात भिंत नाही, तळाला काळी रेघ नाही, आणि गढूळ पाण्यात स्वतःचा हातही धड दिसत नाही.

ही सवय तलावातच मोडता येते. आठवड्यातून एकदा भिंतीला न शिवता एक मीटर आधीच वळा, म्हणजे प्रत्येक फेरी शून्य वेगातून सुरू होईल. मग लेन मोकळी असेल तेव्हा डोळे मिटून सहा हात मारा आणि उघडून बघा, कुठल्या दोरीला चिकटलात ते. बहुतेक जणींचा एक हात जास्त ओढतो. धरणात तोच हात तुम्हाला 750 ऐवजी 850 मीटर पोहायला लावतो. यावर उपाय म्हणजे दर सहा ते आठ हातांनी पुढे बघणं. पूर्ण डोकं वर काढू नका, कारण डोकं वर गेलं की कंबर खाली जाते. मगरीसारखे फक्त डोळे पाण्याबाहेर काढा, बोया (दिशेसाठी पाण्यात तरंगत ठेवलेली खूण) पाहा आणि श्वास नेहमीसारखा बाजूलाच घ्या.

भीतीचा झटका येतो तो बहुधा पहिल्या शंभर मीटरमध्ये, आणि कारण जवळपास नेहमी एकच: गार पाणी तोंडावर आलं की श्वास कोंडतो, आणि त्यात सुरुवातच जोरात केलेली असते. श्वास न सोडता पुढचा घ्यायला गेलं तर छातीत जागाच नसते. म्हणून सुरुवातीआधी परवानगी असेल तर पाण्यात उतरा, चेहरा चार-पाच वेळा बुडवून बुडबुडे सोडा. घोळक्याच्या मागे, कडेला उभ्या राहा. शिट्टी झाल्यावर दहा सेकंद थांबलात तरी काही बिघडत नाही. तरीही घाबरायला झालं, तर पाठीवर वळा, तरंगा आणि एक हात वर करा. बचाव नौकेला किंवा बोयाला धरून विसावा घेतला तर स्पर्धेतून बाद करत नाहीत. फक्त नौकेच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. ब्रेस्टस्ट्रोक, बॅकस्ट्रोक, काहीही चालतं.

गॉगलचा पट्टा टोपीच्या आतून घ्या, म्हणजे कुणाचा हात लागून गॉगल निसटला तरी हरवणार नाही. आयोजकांची रंगीत टोपी वर आणि स्वतःची आत, अशा दोन टोप्या घातल्या की पट्टा मधोमध पक्का बसतो.

एक गोष्ट बजावून सांगतो. सरावासाठी गंगापूर धरणात एकटीने किंवा मैत्रिणींना घेऊन उतरू नका. ते शहराचं पिण्याचं पाणी आहे, शिवाय काठाचा गाळ आणि अचानक वाढणारी खोली वरून कळत नाही. जीवरक्षक आणि नौका असलेल्या, रीतसर परवानगी काढलेल्या सराव शिबिरातच उतरा, तेही कमरेला नारिंगी तरंगता फुगा बांधून.

ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना, नेमकं काय, कुठल्या क्रमाने करायचं? कपडे कुठे बदलायचे?
(इंदिरानगर, नाशिकरोड आणि सिडकोतून तीन पत्रं)

कपडे बदलायचेच नाहीत. पोहताना जे अंगावर असतं, त्यावरच सायकल आणि त्यावरच धावणं. ट्रायसूट (तिन्ही टप्प्यांना चालणारा एकच सूट) असेल तर उत्तम. नसेल तर पोहण्याचा सूट आणि त्यावर गुडघ्यापर्यंतची सायकल शॉर्ट्स. कॉटन नको, ते पाणी धरून ठेवतं आणि जांघा सोलून काढतं. स्पोर्ट्स ब्रा ओली होणारच, म्हणून जाड पॅडची नको. हात-पाय पूर्ण झाकणारा सूट वापरत असाल तर आयोजकांना आधीच लेखी विचारून घ्या. आंतरराष्ट्रीय नियमांत वेटसूट (गार पाण्यासाठीचा जाड रबरी सूट) नसताना कोपराखाली आणि गुडघ्याखाली झाकणारे कपडे पोहताना चालत नाहीत. वेटसूटचा विचार करू नका, नाशिकच्या पाण्याला त्याची गरज पडत नाही.

आता मांडणी. तुम्हाला मिळणारी जागा हात पसरण्याइतकीच असते. सायकल स्टँडला, गिअर हलका. चढावर लावतो तेवढा नाही, पण उभं राहून जोर न लावता पॅडल फिरेल इतका. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे दोन्हीकडे बाहेर सोडलेले, आत चष्मा. खाली हात पुसायचा छोटा टॉवेल, त्यावर बूट उघडे करून. मोजे बोटांपर्यंत गुंडाळून बुटाच्या तोंडावर, आत चिमूटभर टाल्कम पावडर. ओल्या पायावर मोजा चढवताना तो टाचेत अडकतो आणि तिथे अर्धं मिनिट जातं. नंबरचा पट्टा हेल्मेटशेजारी. विकतचा नसेल तर शिंप्याच्या दुकानातलं इंचभर रुंदीचं इलॅस्टिक कमरेच्या मापापेक्षा चार बोटं कमी घ्या, टोकांना हूक शिवा आणि नंबर दोन सेफ्टी पिनांनी लावा. सायकलवर नंबर पाठीकडे, धावताना पोटाकडे; पट्टा नुसता फिरवायचा.

पाण्यातून बाहेर आल्यावर चालता चालताच टोपी आणि गॉगल काढा. जागेवर पोहोचलात की आधी हेल्मेट घाला आणि बक्कल लावा, टक्क आवाज आला पाहिजे. मग नंबर, मोजे, बूट. बक्कल लावल्याशिवाय सायकलला हातही लावायचा नाही. नवख्या हमखास चुकतात आणि दंड खातात ते इथेच. सायकल सीटला धरून चढण्याच्या रेघेपर्यंत न्या, रेघ ओलांडा, मग बसा. परत येताना उलट: उतरण्याच्या रेघेआधी पाय जमिनीवर, सायकल स्टँडला, आणि त्यानंतरच बक्कल काढा. सायकल हातात असताना हेल्मेट सोडणं हाही दंडच.

हिवाळ्यात नाशिकला पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो. ओल्या अंगाने सायकलवर बसलं की पाच मिनिटांत बोटं बधिर होतात, बक्कल दाबलं जात नाही आणि ब्रेकचा अंदाज चुकतो. म्हणून घरी बादलीत गार पाणी घ्या, हात त्यात दोन मिनिटं बुडवा आणि मग हेल्मेट लावून-काढून बघा. दहा वेळा. हसू येईल, पण हाच सराव स्पर्धेच्या दिवशी कामी येतो. वाऱ्याला अडवणारं पातळ जॅकेट ठेवायचं तर चेन आधीच अर्धी लावलेली असू द्या, बर्फासारख्या बोटांनी चेनचं टोक सापडत नाही.

बुटांना लेसऐवजी इलॅस्टिकची लेस घाला. पहिल्या स्पर्धेत दोन्ही बदल मिळून पाच मिनिटं लागतात. एवढा सराव केला तर ती तीनवर येतात, आणि ही दोन मिनिटं धावून वाचवायची म्हटली तर महिनोन्‌महिने घाम गाळावा लागतो.

माझ्याकडे मुलाची गिअरची हायब्रिड सायकल आहे. चालेल का? पंक्चर झालं तर?
(एक वाचक, पंचवटी)

चालेल. पहिल्या स्पर्धेसाठी नवी रोड बाइक घेऊ नका. तिची सवय व्हायलाच दोन-तीन महिने लागतात. मात्र सायकल तुमच्या मापाची हवी. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल तळाला न्या. पाय सरळ झाला पाहिजे आणि कंबर कलता कामा नये. मुलाची सीट बहुतेक खालीच असते, आणि खाली असलेल्या सीटमुळे गुडघ्याची वाटी दुखते. सीटवर बधिरपणा येत असेल तर तिचं टोक किंचित खाली झुकवा, फार नाही, नाहीतर सगळा भार मनगटांवर येतो. हँडलच्या टोकांची बुचं तपासा. उघडी नळी असेल तर तांत्रिक तपासणीत सायकल अडवतात.

हवा: 35 मिलिमीटरच्या हायब्रिड टायरला 50 ते 60 पीएसआय, 25 ते 28 मिलिमीटरच्या रोड टायरला साधारण 80 ते 90. टायरच्या कडेला छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नका. हवा घरच्या काट्याच्या पंपाने सकाळी भरा. आदल्या दिवशी ठासून भरून सायकल उन्हात ठेवू नका.

पंक्चर स्वतः काढता आलंच पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाची मदत घेणं नियमात बसत नाही. सोबत एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप. मागचं चाक असेल तर आधी चेन सर्वांत छोट्या चक्रावर आणा, मग ब्रेक सोडून चाक काढा. टायरची एक कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने उचकटा आणि ट्यूब ओढून घ्या. आता इथे घाई करू नका: टायरच्या आतून बोट हळूच फिरवा. गिरणारे रस्त्यावर सराव केलेल्यांना बाभळीचा काटा आणि ट्रकच्या टायरची बारीक तार चांगली ठाऊक आहे. ती काढली नाही तर नवी ट्यूब दोन किलोमीटरही टिकत नाही. नवी ट्यूब घालण्याआधी तिच्यात गोल होईल एवढीच हवा भरा, नाहीतर ती रिम आणि टायरमध्ये चिमटते. शेवटची कड अंगठ्यांनी बसवा, लिव्हरने नको. घरी हे तीन वेळा केलं की दहा मिनिटांत जमतं.

सराव गंगापूर रोडने गिरणारेकडे उजाडल्यावरच करा, मागे लाल दिवा लावून. टोमॅटोच्या हंगामात पिकअप गाड्या बाजार गाठायच्या घाईत असतात, त्या दिवसांत वेळ बदला.

स्पर्धेच्या दिवशी पाळी आली तर?
(नाव नको, असं लिहिलेली चार पत्रं)

उतरता येतं. पॅड पाण्यात फुगतं आणि निरुपयोगी होतं, म्हणून टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप. कप सर्वांत सोयीचा, पण तो पहिल्यांदा स्पर्धेच्या सकाळी वापरू नका. निदान दोन पाळ्या आधी घरी सराव करा आणि कप घालून एकदा पोहून, एकदा सायकल चालवून बघा. टॅम्पॉन असेल तर दोरी सूटच्या आत खोचून ठेवा, आणि आठ तासांपेक्षा जास्त वेळ तो राहता कामा नये. ट्रान्झिशनच्या पिशवीत गडद रंगाची जादा शॉर्ट्स ठेवली की डोक्यातली धास्ती कमी होते.

पूजा-सणासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घेण्याची आपल्याकडे सवय आहे, तीच गोळी स्पर्धेसाठी विचारली जाते. त्या गोळीने पोट फुगणं, मळमळ, अंगावर सूज असं होऊ शकतं, म्हणजे ज्या दिवसासाठी घेतली तोच बिघडायचा. रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा मायग्रेनचा इतिहास असेल तर स्वतःच्या मनाने तर नाहीच. डॉक्टरांशी महिनाभर आधी बोला.

रक्तस्राव जास्त असणाऱ्यांनी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्यावं. हिमोग्लोबिन 12 च्या वर असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. तेव्हा सराव वाढवूनही वेळ सुधारत नाही आणि दोष मात्र आळसाला दिला जातो. जेवणावर लगेच चहा घेणं आधी बंद करा, चहामुळे लोह कमी शोषलं जातं.

बाळ सात महिन्यांचं आहे. धावताना लघवी थोडी गळते. सगळ्या म्हणतात, होतंच असं.
(एक वाचक, मखमलाबाद)

होतं, पण ते तसंच सोडायचं नसतं. बाळंतपणानंतर धावणं निदान 12 आठवड्यांनी, आणि गळती, ओटीपोटात जडपणा, दुखणं यांपैकी काही नसेल तरच सुरू करतात. तुम्ही पोहणं आणि सायकल चालू ठेवा, धावणं तूर्त थांबवा आणि पेल्व्हिक फ्लोअर (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू) बघणाऱ्या फिजिओथेरपिस्टला भेटा. तोवर रिले गट असेल तर पोहण्याचा टप्पा घ्या.

काय खायचं? सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे का होतात?
(एक वाचक, सातपूर)

सुरुवातीच्या अडीच-तीन तास आधी नेहमीचंच खा: कमी तेलाचे पोहे किंवा दोन केळी आणि गूळ-पोळी. शेंगदाणे कमी. पहिली स्प्रिंट स्पर्धा दीड ते दोन तास चालते, तेवढ्याला महागड्या जेलची गरज नाही. 750 मिलिलिटर पाण्यात तीन मोठे चमचे साखर, पाव छोटा चमचा मीठ आणि अर्धं लिंबू, एवढं सायकलवर दर दहा मिनिटांनी दोन घोट. तहान नसताना साधं पाणी ढोसत राहू नका, रक्तातलं सोडियम पातळ होऊन चक्कर येते. मिसळ स्पर्धा संपल्यावर.

पाय जड होतात कारण तासभर कंबर वाकलेली आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंवरच काम पडलेलं असतं. सायकलचा शेवटचा किलोमीटर हलक्या गिअरवर, पाय भरभर फिरवत काढा आणि धावण्याचा पहिला किलोमीटर मुद्दाम संथ ठेवा. आठवड्यातून एकदा 10 किलोमीटर सायकलवरून उतरून लगेच दहा मिनिटं धावा. तीन-चार आठवड्यांत फरक कळतो.

दागिने, केस आणि बाकी बारीकसारीक?

मंगळसूत्र, बांगड्या, लोंबती कानातली घरी. ओल्या मानेवर काळे मणी घासून साल निघते. अंबाडा हेल्मेटमध्ये बसत नाही, मानेवर दोन सैल वेण्या घाला. काखेत, ब्राच्या खालच्या इलॅस्टिकवर आणि जांघेत पेट्रोलियम जेली लावा, पण गॉगल त्याआधी पुसून ठेवा, बोटांची जेली काचेला लागली की काही दिसत नाही. इअरफोन नको, नियमात बसत नाही. सायकलवर पुढचीपासून साधारण 10 मीटर अंतर ठेवा आणि डावीकडून चाला. तिच्या वाऱ्याच्या आडोशाला राहणं हा दंडनीय गुन्हा आहे. पैंजण काढा, कारण वेळेची चिप घोट्यावर बांधतात. संपल्यावर ती परत करायची असते, पाणी प्यायला वळण्याआधीच सोडून द्या.