ते झोपलेत तोवर ठीक, ते पडले तर?

बहामाजमधल्या एक्झुमा बेटांवरून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय, चांगलं तीन पानी. नवऱ्याने नोकरी सोडली, लेक कॉलेजला गेली, घर भाड्याने दिलं आणि १९८३ ची ३७ फुटी शिडाची बोट घेऊन दोघं फ्लोरिडाहून तिथवर पोचलेत, पुढे बेटाबेटाने ग्रेनेडा. प्रश्न चार विचारलेत पण बाकीचे नंतर, कारण मधेच सहज लिहून टाकलेल्या एका ओळीने माझी झोप उडवलीय: ‘रात्रीच्या प्रवासात आम्ही तीन-तीन तासांच्या पाळ्या करतो, माझ्या पाळीत काही दिसलं की मी ह्यांना उठवते. बोटीचं सगळं तेच बघतात, मला त्यातलं काही कळत नाही.’

अगं बाई! आणि तेच पाण्यात पडले तर कोणाला उठवणार आहेस?

रागावू नकोस, ही ओळ माझ्या घरची आहे. टॅक्स हे बघतात, बँक हे बघतात, गाडी हे बघतात, आपण आपली पोळीभाजी. १९९६ च्या जानेवारीत मध्यरात्री आमच्या ह्यांना मुतखड्याची कळ आली, बाहेर ढीगभर बर्फ, मी लायसन्सवाली पण ऑटोमॅटिकवर शिकलेली आणि दारात उभी गिअरची जुनी गाडी. हे मागच्या सीटवर आडवे, कण्हत कण्हत ‘क्लच सोड... अगं हळू... हळू!’ आणि मी प्रत्येक सिग्नलला गाडी बंद पाडतेय. सहा मैलांना पाऊण तास लागला, तिथल्या नर्सने आधी मलाच खुर्ची दिली. मला निदान रस्ता तरी होता गं.

तर आता नांगर टाकून बसलायत तोवर कामाला लाग. इंजिन तू चालू कर, तूच बंद कर, नांगर उचलताना सुकाणूवर तू, ते पुढे. मग व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे बोटीवरून बोलायचा बिनतारी संच. संकटाचा चॅनल १६ हे तुला माहीत असेलच, पण झाकणाखालचं मदतीच्या हाकेचं लाल बटण कसं चालतं ते विचार, आणि रेडिओला जीपीएस जोडलाय का तेही बघ, कारण जुन्या बोटींवर बरेचदा तो जोडलेलाच नसतो, म्हणजे बटण दाबलं तरी तुम्ही कुठे आहात ते पलीकडे कळणारच नाही. बुडाला जितकी भोकं, तितके कॉक, म्हणजे पाणी बंद करायच्या तोट्या, ते सगळे स्वतः हात लावून मोज आणि तोटी तुटली तर भोकात ठोकायला प्रत्येकाशेजारी लाकडी गुडदी दोरीने बांधलीय ना बघ. सगळं वहीत मराठीतच उतरव, घाबरल्यावर इंग्रजी सुचत नाही.

मग फेंडर, म्हणजे बोटीच्या कडेला लटकवायचा तो फुगा, ‘हे’ पडलेत असं समजून पाण्यात फेकायचा आणि तू एकटीने बोट परत नेऊन उचलायचा, हे दहा वेळा. पुढच्या शिडाची दोरी न सोडता बोट वाऱ्यातून वळवली की ते शीड उलटं भरतं आणि बोट जवळजवळ जागच्या जागी थांबते, हे एकदा हाताला कळलं की अर्धी भीती जाते. रात्री डेकवर पट्टा अडकवल्याशिवाय कोणीच नाही, ते तर नाहीच नाही. आणि हे नवऱ्याकडून शिकू नकोस, भांडणं होतात, मी क्लचवर शिकलेय. बायकांनी बायकांना शिकवायचे सेलिंगचे कोर्स असतात, आठवडाभर जा. गोव्याहून तारिणी ही शिडाची बोट घेऊन २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहाजणी पृथ्वीला वळसा घालून आल्या, २०२४-२५ मध्ये त्याच बोटीवर नौदलाच्याच दोघीच. त्यांच्या बोटीवर उठवायला कोणाचे ‘हे’ होते?

बाकीचं पटकन. सासूबाईंना दर रविवारी ठरल्या वेळी फोन, आणि नकाशावर तुमचा ठिपका दाखवणारं सॅटेलाइटचं छोटं यंत्र घ्या, सांगलीत बसून बघतील. आंघोळ खाऱ्या पाण्याने, शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा, सगळे तेच करतात. पुठ्ठ्याचे खोके बोटीवर आणू नका, झुरळं येतात, कुकर मात्र दोन न्या. वादळांचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, त्याआधी दक्षिणेला सरकताय ते बरोबरच, पण ग्रेनेडाजवळ निर्धास्त झोपू नका, २०२४ मध्ये बेरिल हे चक्रीवादळ १ जुलैलाच ग्रेनेडाच्या कॅरियाकू बेटावर आदळलं होतं.

बोटीचं नाव बदलून लेकीचं ठेवावं का म्हणतेस, ठेव की, पण आधी तो रेडिओ बघ.