कौंटीच्या इतिहासमंडळात काम सुरू करताना

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

इंग्लंडमधल्या विल्टशायर कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पुरातत्त्व व निसर्गेतिहास मंडळाची तू सभासद झालीस आणि डिवायझेस येथील त्यांच्या संग्रहालयात खापरे धुऊन त्यांवर क्रमांक घालण्याचे काम तुला मिळाले, हे तुझ्या पत्रावरून कळले. स्टोनहेंजच्या मुलखात येऊन हेच करायचे का, असा नाराजीचा सूरही त्यात जाणवला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१८५३ साली स्थापन झालेल्या या मंडळाचे खरे बळ गावोगावच्या बारीकसारीक नोंदींत आहे. तुझ्यापासून फार दूर नसलेल्या, एव्हबरी या प्राचीन शिलावर्तुळांच्या गावाजवळच्या ओव्हर्टन टेकडीचेच पाहा. तिथले शिलावर्तुळ अठराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शेतीसाठी उखडले जात असताना पुराणवस्तूंचे अभ्यासक विल्यम स्टुकली यांनी त्याची टिपणे व रेखाटने करून ठेवली. पुढे ती जागा कुणाला नेमकी दाखवता येईना. अखेर १९३० मध्ये मंडळाच्या कार्यकर्त्या मॉड कनिंग्टन यांनी त्या जुन्या वर्णनाचा माग काढत ती शोधली आणि उत्खननात दगडांचे खळगे तर सापडलेच, शिवाय स्टुकलींना ज्यांची कल्पनाही नव्हती असे लाकडी खांबांचे खड्डेही उजेडात आले.

यातली खरी गंमत पुढेच आहे. स्टुकलींनी जागेवर केलेल्या टिपणांत त्या शिलावर्तुळाची दगडांची कडी गोल आहेत. पण एव्हबरीचा सारा परिसर म्हणजे एक प्रचंड सर्प आणि हे स्थळ त्याचे मस्तक, या कल्पनेने त्यांना इतके पछाडले की १७४३ साली छापलेल्या ग्रंथात त्यांनी तीच कडी लंबगोल करून टाकली. उत्खननाने कौल दिला तो टिपणवहीच्या बाजूने. सर्पाचा सिद्धान्त आज कुणी मानत नाही, टिपणे मात्र अजून वापरात आहेत. विद्वत्तेने मोठ्या माणसाचीही अशी गत होते, तेव्हा पाहिलेले आणि वाटलेले वहीत वेगवेगळे लिहिण्याची सवय तू आतापासूनच लाव.

खापरावरचा क्रमांक हीही तसलीच नोंद. तो बारीक अक्षरात, शक्यतो आतल्या बाजूला घालावा. नक्षीवर नको आणि फुटलेल्या कडेवर तर मुळीच नको, कारण त्या कडेला उद्या दुसरा तुकडा जुळवून पाहायचा असतो. क्रमांक चुकला की खापर कोणत्या चरातले, कोणत्या थरातले हे कायमचे हरवते आणि मग ते संग्रहालयात असून नसल्यासारखेच.

हे हाताला वळण पडले की एखादा लहानसा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावपरिसर, निवडून त्याचा टाइद नकाशा (टाइद म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) वाचायला घे. १८३६ च्या कायद्यानंतर तयार झालेल्या या नकाशांना जोडलेल्या याद्यांत शेताचे नाव, मालक, कसणारा आणि पीक किंवा कुरण यांची नोंद सहसा मिळते. जमिनीखाली काय असावे याचा सुगावा पुष्कळदा शेताच्या नावातूनच लागतो. मंडळाचे नियतकालिक १८५४ पासून निघते आहे. त्या गावाविषयी त्यात पूर्वी काय आले आहे ते आधी वाच आणि मगच शेतमालकाची परवानगी मागायला जा. परवानगी लेखी घ्यावी.

तुझा,
सर