सरकारला टॉवेल विकायचेत ना?

चिरंजीवीस अनेक आशीर्वाद.

सोलापूरच्या आपल्या कारखान्यातले टेरी टॉवेल रेल्वेच्या दवाखान्यात जावेत असं तुला वाटतं. जातील की! पण ‘सरकारी व्हेंडर करून देतो’ म्हणत जो एजंट पैसे मागतोय, त्याला चहा पाजून वाटेला लाव. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान-मध्यम उद्योगाची सरकारी नोंद, आधार-पॅनवर घरबसल्या होते, एक रुपया पडत नाही. जेमवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवर, विक्रेता म्हणून नावही तुझं तूच नोंदव.

फक्त उद्यम प्रमाणपत्रावर मुख्य व्यवसाय ‘उत्पादन’ आहे की ‘ट्रेडिंग’, हे डोळ्यांत तेल घालून बघ. घरच्या दुकानाच्या नावाने कधीकाळी काढलेलं असेल, तर ट्रेडिंगचंच निघायचं. ट्रेडरला त्याचा उपयोग बँकेच्या कर्जापुरता. ईएमडीची, म्हणजे निविदेसोबत भरायच्या अनामत रकमेची, माफी आणि केंद्राच्या २०१२ च्या धोरणाप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी ठेवलेला २५ टक्के खरेदीचा वाटा, हे स्वतः माल बनवणाऱ्यांसाठी आणि सेवा देणाऱ्यांसाठी. (राज्य सरकारच्या निविदांचं गणित वेगळं, ते पुन्हा कधीतरी.)

जेमवरची बिड, म्हणजे निविदा, उघडलीस की आधी बघ, एमएसईला (सूक्ष्म-लघु उद्योगाला) अनुभव आणि उलाढालीतून सूट ‘येस’ आहे का. ‘नो’ असेल आणि तुझी उलाढाल तेवढी नसेल, तर पुढे वाचण्यात वेळ घालवू नकोस. मग थेट एटीसीवर जा, म्हणजे खरेदीदाराने आपल्या पदरच्या घातलेल्या अटींवर. खरी मेख तिथे असते: नमुना आधी पाठवा, लॅबचा रिपोर्ट अमुक तारखेनंतरचाच हवा, माल सहा ठिकाणी पोच करा. जेमवरचा दर पोच धरूनच असतो, त्यामुळे नागपूरच्या दोन गाठींचं भाडंही तुझ्याच खिशातून. आणि ४५० जीएसएम (चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजन) मागितलं असेल तर ४३० चा टॉवेल हाताला कितीही मऊ लागो, परत येतो.

मोठ्या कंपनीचा दर सगळ्यांत कमी आला म्हणून लगेच हिरमुसू नकोस. तुझा दर तिच्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल आणि तिच्या दरात माल द्यायची तयारी असेल, तर २५ टक्क्यांपर्यंत पुरवठा तुझ्या वाट्याला येऊ शकतो. परवडेल तरच हो म्हण.

पैशाचं मात्र कठीण. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर कायद्याने तो मिळाला त्याच दिवशी स्वीकारलेला धरतात आणि त्या दिवसापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, तक्रारीला सरकारचं ऑनलाइन पोर्टल. पण पहिल्याच ऑर्डरीला नोटीस धाडणाऱ्याला साहेब लोक विसरत नाहीत. आधी माल उतरवून घेणाऱ्या बाबूला फोन कर, स्वीकृतीचा दाखला जेमवर चढवला का विचार. बरेचदा बिल तेवढ्यासाठीच अडकलेलं असतं. तोवर सूत आणि मजुरी भागवायला तीन महिन्यांची रक्कम बाजूला हवीच. ती नसेल तर छोट्या ऑर्डरीच घे.

पहिली बिड भरण्याआधी तिची एटीसी मला पाठव. दर सांगू नकोस, वाहतूक धरलीस का एवढंच कळव.

तुझा,
काका