माळ्यावरचा अँप्लिफायर, हॉलमधला गोळीबार

या महिन्याच्या टपालाचे आपसूक दोन गठ्ठे पडले. एक जुन्या अँप्लिफायरचा आणि रेकॉर्ड प्लेअरचा, दुसरा मुलांच्या मारधाडीच्या गेमचा. एका पत्रात मात्र दोन्ही एकत्र आले होते, ते शेवटी घेतलं आहे.

प्रश्न : वडिलांचा 1970च्या दशकातला स्टिरिओ अँप्लिफायर वीस वर्षं माळ्यावर पडून आहे. मेकॅनिक म्हणतो, सगळे कंडेन्सर बदलावे लागतील. आधी एकदा प्लग लावून बघू का? – सातारा

थेट प्लग अजिबात लावू नका. इतकी वर्षं वीज न मिळालेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या आतला ऑक्साइडचा थर पातळ झालेला असतो. एकदम 230 व्होल्ट दिले की तो शॉर्ट होतो आणि जाता जाता ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. ट्रान्सफॉर्मर गेला की खेळ संपला, कारण तसाच दुसरा मिळत नाही.

सिरीज बोर्ड करून घ्या. फेजच्या वायरमध्ये बल्बचा होल्डर आणि त्यापुढे सॉकेट, एवढंच त्याचं काम. बल्ब मात्र पिवळा, तारेचाच हवा, एलईडी चालत नाही. छोट्या सेटला 60 वॉटचा, मोठ्याला 100 वॉटचा. स्पीकर काढून ठेवा, व्हॉल्यूम शून्यावर आणा, मग चालू करा. बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंद लाल झाला, तर कंडेन्सर चार्ज झाले आणि सारं ठीक आहे. तसाच प्रखर राहिला तर लगेच बंद करा. रेक्टिफायर, आउटपुटचा ट्रान्झिस्टर किंवा मुख्य फिल्टर कंडेन्सर शॉर्ट आहे. मंद झाला तर अर्धा तास तसाच राहू द्या. सिरीज बोर्डमुळे शॉक टळत नाही. झाकण उघडायचं तर प्लग काढूनच. नंतरही मोठ्या कंडेन्सरमध्ये तीस-चाळीस व्होल्ट शिल्लक असतात. ते 100 ओहम, 5 वॉटचा रेझिस्टर दहा सेकंद टेकवून उतरवा. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडण्याची जी जुनी सवय आहे, ती सोडा.

पुढची पायरी मल्टीमीटरची. स्पीकरच्या दोन टोकांवर डीसी व्होल्ट मोजा. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त व्हा. 100च्या वर असेल तर स्पीकर जोडू नका. काही व्होल्ट दिसले तर बहुधा आउटपुटचा ट्रान्झिस्टर गेला आहे. त्या काळातल्या बऱ्याच सेटमध्ये आउटपुटला 2200 मायक्रोफॅरडसारखा मोठा कंडेन्सर असतो (चालू करताना ‘धप्प’ आवाज येतो तो त्याचाच). अशा सेटवर नुसतं मोजलं तर गळतीमुळे उगाच व्होल्ट दिसतात. टोकांवर 1 किलोओहमचा रेझिस्टर लावून मोजा.

मेकॅनिकचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. फिल्टरचे दोन मोठे कंडेन्सर बहुतेक वेळा बदलावेच लागतात. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं तरी स्पीकरमधलं ‘हंऽऽ’ असं घुमणं कमी-जास्त होत नसेल, तर ते त्यांचंच काम. मायक्रोफॅरड तेवढेच किंवा थोडे जास्त, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि 105 अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारा माल घ्या. उलटसुलट टोकं जोडली तर कंडेन्सर फुटतो. बटण फिरवल्यावर घुमणं वाढत असेल तर दोष इनपुटकडे, म्हणजे वायरभोवतीच्या जाळीत (शील्डमध्ये) किंवा अर्थिंगमध्ये आहे. तिथे कंडेन्सर बदलून काही साधणार नाही. सगळे एकाच दिवशी उपटायला आमचा विरोध आहे. तीस कंडेन्सर बदलल्यावर सेट बोलेनासा झाला, तर चूक तिसांपैकी कुठल्या जोडणीत आहे हे कुणी शोधायचं? दोन बदला, वाजवून बघा, मग पुढचे दोन.

बटणाच्या खरखरीवर गंजाचा स्प्रे मारू नका. त्यातलं तेल आत राहून धूळ धरतं. इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ. बटणाच्या मागच्या फटीत एकदाच मारा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरवा.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा आहे. ‘वर्गात सगळे जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो हा गेम) खेळतात’ म्हणून हट्ट धरून बसला आहे. अशा खेळांनी मुलं खरंच हिंसक होतात का? – डोंबिवली

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्यावरच जास्त गोंधळ आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2020 साली आपली भूमिका नव्याने मांडली. तिचं सार असं : हिंसक खेळ आणि आरडाओरडा, ढकलाढकली यांसारखी आक्रमकता यांत लहानसा, पण सातत्याने दिसणारा संबंध आहे, प्रत्यक्ष हिंसाचाराचा दोष खेळांवर टाकण्याइतका पुरावा मात्र नाही. तेव्हा ‘हा खेळलास तर गुंड होशील’ हे वाक्य घरात वापरू नका. मुलाला ते खोटं आहे हे कळतं, आणि मग तुमचं खरं बोलणंही त्याच हिशेबात जातं.

जीटीए 5ला मात्र बाराव्या वर्षी सरळ ‘नाही’. त्याला अमेरिकेचं ‘एम’ म्हणजे 17 वर्षांवरचं आणि युरोपचं 18चं मानांकन आहे. ते नुसत्या गोळ्यांमुळे नाही. त्यात छळाचा एक प्रसंग असा आहे की अवजार खेळणाऱ्यालाच निवडावं लागतं. स्ट्रिप क्लब आहे, अमली पदार्थ आहेत. मोठ्यांसाठी लिहिलेली ती गोष्ट आहे, आणि मुलाला सांगायचं कारण हेच. ऑनलाइन भागात तर अनोळखी मोठ्या माणसांचे आवाज थेट कानात येतात.

‘सगळे’ म्हणजे कोण, तेही विचारा. बऱ्याचदा दोघं खेळतात आणि बाकीचे यूट्यूबवर बघतात. कुठल्याही गेमबद्दल ठरवण्याआधी वीस मिनिटं त्याचा खेळ स्वतः बघा. चार गोष्टींवर लक्ष ठेवा : मारणं कार्टूनसारखं आहे की वेदना दाखवणारं, क्रूरपणाला बक्षीस आहे का, पलीकडे कोण बोलतं आणि पैसे कुठे मागतात. माइनक्राफ्टमध्येही तलवार आहे, पण युरोपने त्याला 7चं मानांकन दिलं आहे. सगळी मारामारी एकाच मापाने मोजली की मूलही आपल्याला मोजेनासं होतं.

‘नाही’ म्हटल्यावर कुलूपही नीट लावा. अँड्रॉइड फोनवर फॅमिली लिंकमध्ये मुलाचं खातं काढा, प्ले स्टोअरची वयोमर्यादा 12 ठेवा, प्रत्येक खरेदीला तुमची मंजुरी लागेल असं करा आणि ‘अनोळखी स्रोतांची अ‍ॅप्स’ बंद करा. नाहीतर गेमची एपीके फाइल (प्ले स्टोअरशिवाय थेट टाकता येणारी) मित्राच्या फोनवरून येते आणि मानांकन बाजूला राहतं. आधीच टाकलेले गेम एकेक करून तपासा. प्लेस्टेशनवर मुलाचं वेगळं खातं हवंच, पण खरी फट दुसरीकडे असते. यंत्राच्या निर्बंधांचा पासकोड कारखान्यातून 0000 असाच येतो. तो बदलला नाही तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात. नवा युजर तयार करणं आणि पाहुणा म्हणून शिरणं, दोन्ही तिथेच बंद होतं.

प्रश्न : अमेरिकेतल्या भावाने रेकॉर्ड प्लेअर दिला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला आहे, तरी गाणं रडल्यासारखं संथ वाजतं. – नाशिक

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, विजेची सायकल (सेकंदाला होणारी आवर्तनं) बदलत नाही. तिकडे 60 हर्ट्झ, आपल्याकडे 50. जुन्या प्लेअरची एसी सिंक्रोनस मोटर सायकलवर फिरते, त्यामुळे मिनिटाला 33⅓ ऐवजी सुमारे 27.8 फेरे पडतात. काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारच्याही किंचित खाली येते. उपाय म्हणजे त्याच मॉडेलची 50 हर्ट्झची पुली. ती मोटरच्या दांड्यावर बसते आणि व्यासाने सहास पाच या प्रमाणात मोठी असते. मिळाली नाही तर चांगला खरादवाला जुनीवरून करून देतो. डीसी मोटरच्या किंवा क्वार्ट्झच्या प्लेअरला हा त्रास नसतो. नंतर 180 रेघांची स्ट्रोबची तबकडी ठेवून विजेवरच्या तारेच्या किंवा निऑन दिव्याखाली पाहा. रेघा थांबलेल्या दिसल्या की वेग बरोबर.

प्रश्न : चौदा वर्षांची मुलगी बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा मोबाइलवरचा लढाईचा गेम) खेळते. रात्री नऊला वाय-फाय आपोआप बंद होतं आणि रोज थयथयाट होतो. व्यसन लागलंय का? – कोल्हापूर

आधी खेळाची रचना बघा. मोठ्या नकाशावरचा एक सामना शेवटपर्यंत टिकलात तर अर्धा तास चालतो, आणि चौघांचा संघ असतो. नऊच्या ठोक्याला वाय-फाय गेलं तर ती तिघांना भर मैदानात सोडून पळाली असा त्याचा अर्थ होतो. दुसऱ्या दिवशी शाळेत बोलणी खावी लागतात, ती निराळीच. मिनिटांऐवजी सामने ठरवा : रोज दोन, आणि शेवटचा सव्वाआठच्या आत सुरू झालेला असावा. सामना संपला की फोन हॉलमध्ये चार्जिंगला. वाय-फायचं कुलूप साडेनऊला ठेवा. म्हणजे ते क्वचितच लागेल, आणि लागलंच तर कारण दोघींनाही माहीत असेल.

2023 साली हा गेम भारतात परत आला तेव्हा 18 खालच्यांसाठी दिवसाला 3 तासांची मर्यादा होती. मुलं वय जास्त सांगून ती ओलांडतात, म्हणून खात्यावरचं वय तिच्यासोबत बसून बघा.

नऊच्या थयथयाटाला व्यसन म्हणत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीमध्ये ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. त्यात खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं या तिन्ही गोष्टी सर्वसाधारणपणे बारा महिने दिसाव्या लागतात. शाळा बुडते आहे, झोप उडाली आहे, मैत्रिणी सुटल्या आहेत असं असेल तर वर्षभर थांबायचं कारण नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेमध्ये खास याच कामाचं ‘शट’ क्लिनिक 2014पासून आहे.

प्रश्न : आजोबांच्या 78च्या (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या) तबकड्या स्पिरिटने पुसल्या तर चालतील? – रत्नागिरी

नाही! त्या तबकड्या लाखेच्या आहेत, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सॅनिटायझरही नको. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने फिरवा, लेबल कोरडं राहू द्या. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने धुऊन उभ्या वाळवा. कोकणातली बुरशी यानेच निघते, फक्त दोनदा करावं लागतं. एलपीच्या सुईने त्या वाजवू नका. ती इंचाच्या 0.7 हजारांश जाडीची, 78ची 3 हजारांश. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते आणि फक्त चरचर ऐकू येते.

प्रश्न : मुलाचा पीएस5 जुन्या अँप्लिफायरला जोडता येईल का? पाठीमागे गोल पाच पिनांची सॉकेट आहेत. त्याचा हेडफोन सुटावा अशी फार इच्छा आहे. – पुणे

येईल, आणि हेतूही उत्तम आहे. हेडफोनमधला गेम घरच्यांना ऐकू येत नाही. हॉलमध्ये वाजला की काय चाललंय ते स्वयंपाकघरातही कळतं. कानांचाही फायदा आहे : मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं माप आठवड्याला 40 तास, 75 डेसिबल असं आहे. हेडफोनवर बंदुकी ऐकताना ते सहज ओलांडलं जातं.

पीएस5ला ऑप्टिकल नाही, म्हणून आवाज टीव्हीतून घ्यायचा. टीव्हीच्या ऑप्टिकल आउटला डॅकची (डिजिटल आवाज साध्या सिग्नलमध्ये बदलणारी) डबी, तिच्यातून आरसीएच्या दोन वायर आणि पुढे गोल पाच पिनांचा डिन प्लग. प्लगमध्ये 3 नंबर डावा, 5 उजवा, 2 जाळी. पिना क्रमाने नसतात. एका बाजूने 1, 4, 2, 5, 3 अशा येतात, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज ‘पीसीएम’वर (साध्या डिजिटल स्टिरिओवर) ठेवा. डॉल्बीवर राहिला तर डबी एक तर गप्प बसते किंवा नुसती खरखर करते.

डबीतून सुमारे 2 व्होल्ट येतात, जुन्या सेटला पाव व्होल्ट पुरतो. तसंच जोडलं तर आवाज फाटेल. दोन्ही वाहिन्यांत 47 किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत आणि त्यापुढे 10 किलोओहमचा जाळीकडे लावा. वायर ‘ऑक्स’ किंवा ‘टेप’लाच जोडायची. ‘फोनो’त मुळीच नको, ते मॅग्नेटिक कार्ट्रिजच्या दोन-पाच मिलिव्होल्टसाठी असतं. ब्लूटूथची डबी गाण्याला ठीक आहे, गेमला नाही. गोळी आधी दिसते आणि आवाज मागून येतो. बास शून्यावर ठेवा. दर बाजूला दहा-पंधरा वॉटचा सेट स्फोटांना पुरत नाही, आणि फाटलेला आवाज आधी ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) जाळतो.

आणखी एक. हेडफोन काढला की इतर खेळाडूंचं बोलणं टीव्हीतून येतं, म्हणजे स्पीकरवर. ते ऐकायला मिळेल, पण पीएस5च्या कंट्रोलरमध्येही माइक असतो. घरातली बोलणी तिकडे ऐकू जाऊ नयेत म्हणून मधलं म्यूटचं बटण एकदा दाबा. ते नारिंगी पेटलं की माइक बंद.