४१५ चा घोळ आणि मसाल्याचं पार्सल

प्रश्न : मी कराडचा. मुलगी चिपळूणला दिलीय. दरवर्षी तिला कांदा-लसूण मसाला पोस्टानं पाठवतो. एसटीनं कुंभार्ली घाट उतरलं की तीन तासांत चिपळूण. माझा पिन ४१५११०, तिचा ४१५६०५, म्हणजे पहिले तीन आकडेसुद्धा एकच. तरी ट्रॅकिंगवर बघतो तर पार्सल आधी भलत्याच दिशेच्या मोठ्या शहरात, तिथून आणखी एका शहरात, आणि चौथ्या दिवशी चिपळुणात. हे कुठलं शहाणपण?
(एक वाचक, कराड)

उत्तर : दादा, त्या ४१५ नं मलाही एकदा रडवलंय, म्हणून आधी तेच सांगते.

मी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, सॉर्टर होते. आमची सॉर्टिंगची परीक्षा असायची. पत्ते लिहिलेली कार्डं हातात देणार, घड्याळ लावणार, आणि सगळी बरोबर खणांत पडली पाहिजेत. घरी सरावाला खण कुठून आणायचे? जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्यावर गावं लिहिली आणि स्वयंपाकघरातली मांडणी रिकामी केली. वाट्यांच्या जागी सातारा, ताटांच्या फळीवर कोल्हापूर. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची सून भांड्यांत गावं लावते."

एवढं करून पहिल्याच आठवड्यात रात्रपाळीला घोळ घातला. ४१५ दिसलं की पाकीट साताऱ्याच्या खणात. पहाटे हेड सॉर्टरनी गठ्ठा सोडला, तर त्यात रत्नागिरी जिल्ह्याची पाकिटं निघत राहिली. ४१५ सातारा आणि रत्नागिरी दोघांचा आहे. ४१६ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या जोडीला सिंधुदुर्ग बसलाय. चौथा आकडा बघायची सवय मला त्या पहाटेपासून लागली.

पिन सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, संस्कृतात कविता करणारा आपला मराठी माणूस. पहिले तीन आकडे मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन म्हणजे ज्या पोस्टातून वाटप होतं ते पोस्ट. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, ती पूर्ण झाली १९९८ मध्ये. घाटमाथा आणि खालचं कोकण एका आकड्यात बांधणं तेव्हा सोयीचंच वाटलं असणार. पुढे गाड्या बदलल्या, वाटा बदलल्या, आकडे मात्र तेच राहिले. म्हणून तुमचा आणि लेकीचा ४१५ एक असला, तरी थैली एक असेलच असं नाही.

आता फेऱ्याचं. महाराष्ट्रात जिल्हे ३६. प्रत्येकानं उरलेल्या ३५ जिल्ह्यांसाठी वेगळी थैली बांधायची म्हटलं तर रोज १२६० थैल्या, आणि त्यांतल्या कित्येकांत दोन-चार पाकिटं. तेच सगळ्यांनी आपलं टपाल एका मधल्या केंद्रात धाडलं आणि तिथून आपापलं घेतलं तर ३६ जाणार, ३६ येणार. झाल्या ७२. प्रत्यक्षात केंद्रं अनेक असतात, पण हिशेब हाच. पार्सल वाकड्या वाटेनं जातं, पण भरलेल्या गाडीतून आणि रोज जातं. कराडहून थेट चिपळूणची गाडी सोडली आणि तिच्यात तुमचा मसाला नि आणखी पाच पाकिटं असली, तर ती गाडी किती दिवस चालेल?

शिवाय आमचे खण पोस्टकार्डांच्या मापाचे. त्यात पार्सल जात नाही. पत्रं आटली, पार्सलं वाढली, तशी बारकोड वाचणारी यंत्रं, पट्टे, मोठ्या शेड लागायला लागल्या. असली यंत्रं गावोगाव परवडत नाहीत. ढीगभर माल एके ठिकाणी आला तरच त्यांचं पोट भरतं. एकाच गावाला जाणारं रजिस्टर आणि स्पीड पोस्ट वेगवेगळं हाताळत बसायचं नाही, म्हणून २०२५ मध्ये रजिस्टर स्पीड पोस्टातच विलीन झालं. जुन्या माणसांना ते लागलं. मलाही. पण हिशेब चुकीचा नव्हता.

चुकतं ते दुसरीकडे. अमेरिकेच्या टपाल खात्यानं २०२१ मध्ये दहा वर्षांची योजना आखून अशीच मोठी केंद्रं उभारायला घेतली. अटलांटाजवळ पाल्मेटोला २०२४ च्या सुरुवातीला एक केंद्र सुरू झालं आणि तिथं टपाल असं तुंबलं की पोस्टमास्टर जनरल लुईस डीजॉय यांना सिनेटसमोर जाब द्यावा लागला. सगळ्या पाणंदी एका विहिरीकडे वळवल्या की त्या विहिरीवर रांग लागणारच. आमच्याकडे एक खण तुंबला तर शेजारचा सॉर्टर हात द्यायचा. एवढ्या मोठ्या केंद्राला हात कोण देणार?

म्हणून माझं म्हणणं असं की केंद्रं मोठी करा, पण जिथं दोन गावांत रोजचं टपाल भरपूर आहे तिथं थेट थैली ठेवा. आमच्या वेळी एखाद्या ऑफिसचं टपाल ठरावीक संख्येच्या वर गेलं की त्याची डायरेक्ट बॅग बांधायचे. घाटावरून कोकणात लेकी दिलेली घरं काय कमी आहेत?

तुमच्या हातातलं सांगते. काउंटरवर "कधी पोचेल?" विचारू नका. "आजची बॅग किती वाजता बंद होते?" असं विचारा. बॅग बंद झाल्यावर पाच मिनिटांनी दिलेलं पार्सल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिलेलं पार्सल एकाच गाडीत चढतं. तुमचे चार दिवस रस्त्यात नाही, बरेचसे असल्या थांब्यांत गेलेत. पिनचे शेवटचे तीन आकडे ठळक लिहा. तुमचा ६ शून्यासारखा वाचला जाऊ नये.

आणि मसाला दुहेरी पिशवीत बांधा. एकदा आमच्यापुढे आलेल्या एका थैलीत कुणाचं तरी लोणचं फुटलं होतं. तेल बारकोडांवर पसरलेलं, यंत्र एकही वाचेना. पार्सलं पुसून, उन्हाकडे धरून, पत्ते हातानं लावत आम्ही दोघीजणी दुपारपर्यंत बसलो होतो. मोहरीचा वास साडीला आठवडाभर येत होता.