आई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आजीचं सगळं करतेय. आईच्या जखमा उशिरा भरतात, हा ताणाचा परिणाम असू शकतो का?

हो, असू शकतो, आणि हे दिवस मोजून तपासलेलं आहे. ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या १३ बायका आणि साधारण त्याच वयाच्या, तशाच उत्पन्नाच्या इतर १३ बायका घेतल्या. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच जखम केली. सेवा करणाऱ्यांना ती पूर्ण भरायला सरासरी ४८.७ दिवस लागले, इतरांना ३९.३. हा अभ्यास १९९५ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. मेंदूला सतत धोका जाणवत राहिला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक (हॉर्मोन) सोडण्याचा निरोप जात राहतो. जखम भरण्याची सुरुवात सुजेने होते, म्हणजे पांढऱ्या पेशींना त्या जागी बोलावण्याने. कॉर्टिसॉल नेमकं तेच दाबून ठेवतं. स्टेरॉइडच्या गोळ्या बराच काळ घेणाऱ्यांच्या जखमाही याच कारणाने रेंगाळतात. झोपमोड त्यात भर घालते, आणि रात्री-अपरात्री उठणाऱ्या तुमच्या आईला ती चुकलेली नसणार.

पण अभ्यास छोटा होता, शिवाय फरक नऊ-दहा दिवसांचा होता, महिन्यांचा नाही. त्यामुळे सगळं ताणावर ढकलू नका. दोन-तीन आठवड्यांत जखम भरत नसेल, विशेषतः पायाची, तर डॉक्टरांना दाखवा आणि आईची साखर याच आठवड्यात तपासून घ्या.